झोपेतला हुंकार

समोरचा बोलत असताना झोपी जाणं हा आमच्या समुपदेशनाच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. तो मी केला, आणि तोही अशा बाईसमोर, जिला सगळे आपल्याला सोडून जातात ही भीती जाळत होती. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. आज माणूस देव, उद्या तोच राक्षस. माझ्याआधी दोघांकडचे उपचार तिनं अर्ध्यावर टाकले होते. मला मात्र ती आदल्याच आठवड्यात देवमाणूस म्हणाली होती. हे आजाराचं लक्षण आहे, हे ठाऊक असूनही मी आठवडाभर धाराशिवात ताठ मानेनं फिरलो.

दुपारची वेळ. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. ती ईट गावची, लहानपणचं सांगत होती. आई ऊसतोडीला निघालेली, हिला मावशीपाशी ठेवलेलं. मी 'हं', 'हं' करत होतो. आमच्याकडं सांगणाऱ्याला हुंकार द्यायची रीत, ती अंगात मुरलेली. हळूहळू तिचा आवाज पाण्यासारखा झाला आणि मी त्यात उतरलो. पांढरा फुफाटा. ट्रॅक्टर रस्त्यावरून नव्हे, उन्हावरून तरंगत चाललेला. मी त्या लहान पोरीशेजारी उभा, आणि ट्रॉलीतून आई हात हलवतेय, हलवतेय...

"सर, मी यायचं बंद करू का?"

"हं," मी म्हणालो.

त्या 'हं'नंच मला जाग आली. ती दारापाशी पोचली होती.

"झोपलात ना?"

'डोळे मिटून ऐकत होतो' हे खोटं तयार होतं. बायकोवर ते मी कैकदा वापरलंय.

"व्हय, झोपलो. चूक माझी. पण येणं बंद करू नका. ते झोपेतलं 'हं' होतं."

"म्हंजे आजपातूरचे समदे झोपेतलेच?"

"आजचे दोन-चार."

ती हसली नाही. हात कडीवर. मग कुठल्याही पुस्तकात न बसणारं मी बोलून गेलो. "तुमची आई दिसली. ट्रॉलीतून हात करत होती."

ती गर्रकन वळली. "कायबी सांगू नका! तिनं हात केलाच न्हाय. तिच्या कडंवर भाऊ व्हता, तापानं फणफणलेला. दुसऱ्या हातानं गज धरलेला..."

थांबली. कडीवरचा हात खाली आला.

"हात कुठनं करंल ती?" हे ती मला म्हणाली नाही; लांब कुणाला तरी म्हणाली.

मग येऊन खुर्चीत बसली. "लई धक्के बसायचे त्या ट्रॉलीत," ती सांगू लागली.