पाळकसाहेबांची मंडळी

न आलेल्या माणसांची बाजू आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाळकसाहेबांइतक्या तडफेनं घेणारा माणूस दुसरा झाला नसेल. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात एका जर्मन चर्चचा छोटा हॉल दर रविवारी बारा ते एक त्यांना मिळायचा आणि तिथे ते एपिस्कोपल पंथाची इंग्रजी उपासना चालवत. मंडळी मोजून सहा, पण गीतपुस्तकं तीस मांडायची. सहातले चार आले नाहीत की साहेब खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणत, "स्टाऊ असेल." रविवारी दुपारी कसला आलाय ट्रॅफिक जाम! एक बाई दोन वर्षं फिरकल्या नाहीत, तरी साहेबांच्या लेखी त्यांची ट्रामच लेट होती.

साहेबांचा जन्म नगरजवळच्या मिशन शाळेच्या आवारातला, वडील तिथेच मास्तर. नाशकात शिकले, अमेरिकेत जाऊन एपिस्कोपल पाळक झाले, आणि मग जिथे जायला कोणी तयार नसे तिथे चर्च यांना धाडत गेलं. हे त्याला बढती म्हणत. शनिवारी दुपारी घरात संदेशाची, म्हणजे रविवारच्या प्रवचनाची, तालीम चाले, तीही खणखणीत. खालच्या जर्मन बाई एकदा तक्रार घेऊन वर गेल्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि संदेश पहिल्यापासून सुरू केला. पुन्हा त्या तक्रारीला गेल्या नाहीत. पत्नी वारल्यानंतरही साहेब संध्याकाळी दोन कप चहा टाकत आणि जिन्यातून मला हाक मारत, "अहो, चहा जास्त झालाय, या!" आठ वर्षं तो रोज जास्त होत होता. मी नागपूरचा बौद्ध, इथल्या संशोधन संस्थेत नोकरीला. पण एकटाच, म्हणून जायचो.

त्यांच्या चर्चमध्ये बहात्तर पूर्ण झाली की सक्तीची निवृत्ती. यांच्यानंतर इथे कोणालाच पाठवणार नव्हते. शेवटच्या रविवारी मंडळीला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस, द्यावं, एवढीच साहेबांची इच्छा होती. पण ते पाळकाला एकट्यानं करता येत नाही, समोर बाप्तिस्मा झालेलं निदान एक माणूस लागतं. नेमका त्या दिवशी रस्त्यांवर बर्फ गोठला आणि ट्राम बंद पडल्या. आम्ही दोघं एकमेकांचे दंड धरून चालत पोचलो. साडेबारा झाले तरी कोणी आलं नाही. साहेब मांडलेली पुस्तकं पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले. ते मला बघवेना.

"साहेब, पाणी आहे ना इथे? देऊन टाका मला बाप्तिस्मा. पाच मिनिटांचं तर काम."

साहेब आधी हसले, मग गंभीर झाले. "तुमच्या आजोबांनी पूर्ण विचार करून धम्म घेतला. आणि मला एक माणूस कमी पडतोय म्हणून तुम्ही तो पाच मिनिटांत सोडणार? नाइन, मुळीच नाही. अशी माणसं गोळा केली असती, तर हा हॉल केव्हाच भरला असता."

त्यांनी भाकर डब्यात परत ठेवली. "आशीर्वादाला मात्र बाप्तिस्मा लागत नाही," म्हणाले आणि हात उंचावून त्यांनी अख्खा आशीर्वाद मराठीत दिला. त्या हॉलमध्ये त्यांची मराठी प्रार्थना मी पहिल्यांदाच ऐकली. विहारातल्या सवयीनं माझ्या तोंडून "साधु, साधु, साधु" निघून गेलं. साहेबांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि पुस्तकं गोळा करायला घेतली.

पुढच्याच आठवड्यात ते नगरला बहिणीकडे गेले. त्या सहाजणांना त्यांनी केव्हाच माफ केलं असेल. मला ते अजून जमलेलं नाही. त्यातला एकजण तर आमच्याच गल्लीत राहायचा, आणि त्या दिवशी आम्ही त्याच्या दारावरूनच चालत गेलो होतो.