शुक्रवारी पळणाऱ्या डिस्क

“काका, तुमचं मशीन शुक्रवारी पळतं आणि शनिवारपासून लंगडतं.” ग्लोरियाबाय तोंडावर बोलली. वालीवच्या कारखान्यांच्या वस्तीत तिचा एडिटिंगचा स्टुडिओ. सिरियलचा एपिसोड संध्याकाळपर्यंत चॅनलला गेला नाही, तर सिरियल दुसऱ्या स्टुडिओकडे जाणार होती. सोबत माझं नावही जाणार.

मी म्हटलं, “मशीनला वार कळत नाही.”

मी चौथी शिकलो. हात लेथवर घडला. आता सुनेबरोबर स्टोरेज क्लस्टर उभे करतो, इथलाही आमचाच. क्लस्टर म्हणजे डिस्कने भरलेले तीन डबे जोडायचे आणि प्रत्येक फाईल तिन्हींत लिहायची. एक मेला तरी माल शाबूत. पण तिन्ही डबे ‘लिहिलं’ म्हणेपर्यंत काम पुढे सरकत नाही. एक रेंगाळला की सगळं खोळंबलं.

सून स्नेहल स्क्रीनवर बसली. तिने एकेका डिस्कची लेटन्सी काढली, म्हणजे काम सांगितल्यावर डिस्क किती वेळाने उत्तर देते ते. “पपा, भिंतीकडचा डबा. त्यातल्या सगळ्याच मंद आहेत.”

सगळ्या एकदम बिघडत नाहीत. मी कंट्रोलर बदलला, तो डिस्कचा मुकादम. फरक नाही. केबल बदलली. फरक नाही.

“आता काय, भिंत बदलता?” ग्लोरियाबाय म्हणाली.

मी भिंतीला हात लावला. हाताला धक्के बसत होते. पलीकडे म्हात्रेचा पॉवर प्रेस, पत्रा कापत होता. आणि वालीवच्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी!

धावत पलीकडे गेलो. “म्हात्रे, प्रेस थांबव.”

“का, झोप येत नाही?”

“थांबव तर.”

प्रेस थांबला. स्टुडिओतून स्नेहल ओरडली, “पपा, लेटन्सी उतरली!”

“चालू कर.”

“चढली!”

“बंद कर.”

म्हात्रे वैतागला. “प्रेस आहे की डोअरबेल?”

डिस्कच्या पोटात थाळी गरगर फिरते. वर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर लिहिणारं-वाचणारं हेड तरंगतं. धक्का बसला की हेडची ओळ चुकते, मग थाळीची पुढची फेरी येईपर्यंत थांबावं लागतं. दर धक्क्याला तेच.

“त्या डब्याचा रॅक भिंतीला कोणी ठोकला?” ग्लोरियाबायने विचारलं.

“मी. लेथ असो की रॅक, माझं काम हलत नाही.”

तो डबा बंद केला. बंद डब्याची कोणी वाट बघत नाही, उरलेल्या दोघांवर काम चालू राहिलं, तीन असतात ते त्यासाठीच. बोल्टचे नट काढून रॅक भिंतीपासून लांब ओढला, खाली जाड रबर घातलं आणि डबा परत जोडला. राहिलेल्या फाईली त्याने दुसऱ्या दोघांकडून भरून घेतल्या. प्रेस दणदणत होता आणि डिस्क शुक्रवारसारख्या पळत होत्या. एपिसोड उजेडातच गेला.

“मी शुक्रवार म्हटलं होतं,” ग्लोरियाबाय म्हणाली.

“ऐकलं होतं.”

डिस्क मंद झाली तर आधी शेजारी काय धंदा चालतो ते विचारा. बोल्टचं म्हणाल, तर ते अजून त्या भिंतीत आहेत. जाऊन बघा, एकही हलत नाही. भिंत चुकीची होती.