बादशहाने फक्त ओठ हलवायचे

आमच्या रविवारच्या मराठी शाळेचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं तापतं. नवरा म्हणतो, झालं गेलं, सोड आता. मी सोडणार नाही.

शाळा भरते इथे ऑस्ट्रेलियात, पेंडल हिल नावाच्या उपनगराजवळच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. चालवणारे आमच्यासारखेच, शिकायला आलेले आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर इथेच राहिलेले. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांचं ऐतिहासिक नाटक करायचं ठरलं. म्हातारा बादशहा दिल्ली-आग्रा सोडून दक्षिण जिंकायला येतो आणि इथले किल्ले त्याला मरेपर्यंत दमवतात, ती गोष्ट. लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. दिग्दर्शन आणि भूमिका वाटण्याचं काम शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांनी स्वतःकडे घेतलं. त्यांना लहानथोर सगळेच काका म्हणतात.

माझी मुलगी दहा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी बोलते, पण तिचे शब्द इंग्रजी वळणाने बाहेर येतात. तिला बादशहाची भूमिका मिळाली तेव्हा ती हरखून गेली, आणि मीही.

मग आम्ही दोघींनी त्या माणसाचा पिच्छाच पुरवला. क्वेकर्स हिलच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर त्याची छावणी पसरली. पंचवीस वर्षं तो तंबूतच राहिला, परत गेलाच नाही, हे तिला खरं वाटेना. लाच चारून घेतलेला किल्ला पुढे हातचा जायचा, आणि दरबारात मात्र जिंकल्याच्याच बातम्या. वेढा चालू आहे तोवर आपला भाव टिकून आहे, म्हणून सरदार मुद्दाम वेढा लांबवायचे आणि आतल्या शत्रूशी गुपचूप बोलणीही करायचे. एका मुलावर संशय आला म्हणून बादशहाने त्याला कैदेत टाकलेलं. बाकीचे मुलगे बाप कधी मरतो याची वाट बघत बसलेले.

"पण तो बॉस आहे ना? मग त्याला कोणी सांगत का नाही?" तिने विचारलं.

त्या प्रश्नातूनच मी तिचं भाषण लिहिलं. बादशहा भर दरबारात सरदारांना विचारतो, "मला फत्तेच्या बातम्या नकोत. इथे खरं बोलणारा एक तरी माणूस आहे का?" पाऊण पानाचं भाषण तिने पाठ केलं. दात घासताना म्हणायची, गाडीत म्हणायची. माझी शिफ्ट संपली की फोनवर म्हणून दाखवायची. घरात एरवी मराठी बोल म्हणून मला तिच्या मागे लागावं लागायचं. त्या दिवसांत लागावं लागलं नाही.

एका तालमीनंतर गाडीत बसून तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "मम, जे फनी मराठी बोलतात ना, ते सगळे बादशहाच्या आर्मीत आहेत."

मी आठवून पाहिलं. खरंच होतं. ज्यांचं मराठी सफाईदार, ते सगळे मावळे आणि किल्लेदार. ज्यांची आई पंजाबी किंवा बाबा ऑस्ट्रेलियन, ज्यांची जीभ अडखळते, ती सगळी मुलं मोगल. त्यांना वाक्यंच नव्हती. रांगेत उभं राहायचं आणि मरायचं.

मी काकांना विचारलं तेव्हा त्यांना काही वावगं वाटलंच नाही. शत्रूच्या तोंडी तसं मराठी शोभून दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि विषय निघालाच आहे तर, म्हणून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. बादशहाचं भाषण महत्त्वाचं आहे, कॉन्सुलेटचे पाहुणे येणार आहेत, उच्चार चोख हवेत. तेव्हा भाषण ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करतील. "तिने फक्त ओठ हलवायचे. नो वरीज."

कमिटीच्या बैठकीत मी भांडले. चांगली आवाज चढवून भांडले. बाकीचे सगळे आपापल्या चहात बघत बसले. बैठक संपल्यावर कार पार्कमध्ये मात्र एकेक जण येऊन माझ्या कानाशी लागला. तुझं बरोबर आहे गं, पण काकांना कोण सांगणार? शिकलेली माणसं, डॉक्टर, प्राध्यापक! मला त्यांची किळस आली. काकांची आली नव्हती इतकी आली.

नाटकातून नाव काढून घेऊ म्हटलं, तर मुलगी म्हणाली, नको, मी करणार.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी हॉल भरला होता. जरीचा अंगरखा घालून आणि कापसाची दाढी लावून ती सिंहासनावर बसली. स्पीकरमधून काकांचा भरदार आवाज सुरू झाला. तिने ओठ मिटून घेतले आणि ते भाषण संपेपर्यंत तसेच मिटलेले ठेवले. समोर बघत ताठ बसून राहिली. आधी कुजबुज झाली, मग लोक हसू लागले. कोणीतरी मोबाइल काढला.

पडदा पडल्यावर काका आत आले, तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "विसरलीस होय? होतं असं."

"आय डिडन्ट फर्गेट," ती म्हणाली. मग मराठीत, "मला सगळं येतं. विचारा."

काकांनी तिला चॉकलेट दिलं आणि ते पाहुण्यांच्या फोटोसाठी निघाले. मी त्यांना दारात अडवलं आणि म्हटलं, विचारा तिला, आत्ता, इथे. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. कार पार्कमध्ये माझ्या कानाशी लागलेले सगळे तिथेच उभे होते. एकानेही तिला विचारलं नाही.

शाळा आम्ही सोडली. ती अजूनही मराठी बोलते, माझ्याशी, तिच्या बाबाशी. फक्त आता बोलण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते बघून घेते.