फायनलमधले दोघे बेळगाववाले

आमचे थोरले आप्पा, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ नेमगोंडा पाटील, एके काळी देशाचे हेवीवेट बॉक्सिंग चँपियन होते. निपाणीच्या बाजारात आज हे कुणाला सांगितलं तर माणूस आधी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "व्हय की, दिसतंयच." पासष्टी उलटून गेली, तरी आप्पा अजून दारातून वाकून आणि जरासे तिरके होऊन आत येतात.

आमचं गाव निपाणीहून चिकोडीकडं जाताना लागतं. आता चहूकडं ऊस आहे, तेव्हा तंबाखू होता. आमच्यासारख्या जैन शेतकऱ्यांच्या घरात दूधदुभतं भरपूर आणि पोरांना तालमीचा नाद. आप्पा विशीच्या आतच जत्रेतल्या कुस्त्या मारायला लागले होते. असंच एकदा बेळगावला लष्कराची भरती आहे असं कळलं, म्हणून मित्राच्या सोबतीला गेले. मित्र छातीच्या मापात कमी पडला. आप्पा भरती होऊन परत आले.

बॉक्सिंग त्यांनी पलटणीतच पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे हात बघून तिथल्या सुभेदारांनी ग्लोव्ह्ज चढवले आणि थोडे दिवस शिकवून रिंगमध्ये उभं केलं. समोरच्यानं दोन ठोसे लगावले. तिसऱ्याला आप्पांनी त्याचा हात बगलेत धरला आणि सरळ कुस्तीतला ढाक डाव लावला. गडी पाठीवर. आप्पा मांडीवर शड्डू ठोकून हलगी वाजायची वाट बघत उभे! सुभेदार डोक्याला हात लावून ओरडले, "अरे, कुस्ती न्हाय ही, सोड त्याला!" पहिलीच लढत अशी बाद झाली. पुढं कित्येक वर्षं पलटणीत त्यांना 'ढाक पाटील' म्हणत.

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा आजीला सगळं कळलं. ती चिडली नाही, पण जेवायला वाढताना तिचा हात थांबला.

"मुंगी दिसली तर पाय उचलून टाकतोय आपण," ती म्हणाली. "आणि तू माणसाच्या तोंडावर बुक्क्या मारणार?"

"आई, त्यो पण मारतोय की. आन् मोजून मारायचं असतंय. खेळ हाय त्यो."

"खेळ असू दे. पण समोरचा दमला, त्याला दिसंना झालं, तर तुझा हात खाली पायजे. तेवढं कबूल कर."

आप्पांनी कबूल केलं. शिवाय मांस-अंडं न्हाय आणि दिवस बुडाल्यावर जेवण न्हाय, हे तर न सांगता होतंच. सुभेदारांना या सगळ्याचं टेन्शन. अंड्याशिवाय हेवीवेट होतो का कुठं? पण मेसमध्ये खानापूरकडचा भरमा नावाचा एक स्वयंपाकी होता. तो उजेड असतानाच आप्पांची भाकरी, उसळ, गूळ-शेंगदाणे आणि तांब्याभर दूध बाजूला काढून ठेवायचा. "या गड्याचं पोट म्हंजे विहीर हाय," असं म्हणायचा आणि आणखी एक भाकरी टाकायचा. त्या भाकऱ्यांवर आप्पा वाढले. सेनादलात पहिले आले, मग राष्ट्रीय स्पर्धेत उतरले.

तिथं त्यांना मष्णू भेटला.

मष्णू काकतीचा, शेतकऱ्याचा पोरगा, आणि खेळायचा रेल्वेकडून. एकाच जिल्ह्यातले दोघं, पण एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते कलकत्त्यात, वजनकाट्यापुढच्या रांगेत. मागून कुणीतरी "सरक की रं जरा" म्हणालं आणि आप्पांनी गर्रकन वळून बघितलं. एवढ्या लांब आपली बोली!

"कुठला रं तू?"

"काकतीचा. आन् तू?"

"निपाणीकडचा."

त्या आठवड्यात दोघं दिवसभर एकत्र हिंडले. पलटणीतली ढाकेची गोष्ट ऐकून मष्णूही त्यांना मधूनच 'ढाक पाटील' म्हणून चिडवायचा. एकमेकांशी मराठी बोलायचे, आणि कुणाला कळू नये असं काही असलं की कानडी. मष्णूनं घरून आणलेला खव्याचा कुंदा आप्पांना दिला. दोघांच्या मनात एकच भीती होती आणि ती खरी ठरली. फायनलला हेच दोघं समोरासमोर आले.

ती लढत मी आप्पांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की स्वतः पाहिल्यासारखी वाटते. मष्णूचा डावा हात विजेसारखा होता. पहिल्या राउंडमध्ये त्यानं आप्पांचा ओठ फोडला. दुसऱ्यात आप्पांनी त्याला दोरापर्यंत रेटत नेलं. तिसरा राउंड निम्मा झाला असेल, आप्पांचा उजवा मष्णूच्या कानशिलावर बसला. मष्णू पडला नाही. पण त्याचे डोळे भलतीकडंच बघायला लागले आणि दोन्ही हात खाली आले.

आप्पा एक पाऊल मागं सरले. हात खाली घेतले आणि रेफरीकडं बघितलं. थांबवा आता, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. रेफरीनं थांबवलं नाही, उलट लढा म्हणून खूण केली. कोपऱ्यातून सुभेदार ओरडत होते, "पाटील, मार! आत्ताच मार!" आप्पा मष्णूभोवती फिरत राहिले, हलकेच डावा लावत राहिले. घंटा झाली. गुणांवर आप्पाच जिंकले. देशाचे चँपियन झाले.

गावात बैलगाडीतून मिरवणूक निघाली. आजीनं ओवाळलं, मग ओठावरचा टाका निरखून बघितला आणि विचारलं, "त्या पोराला लई लागलं का?"

त्यानंतर महिन्याभरात बँकॉकच्या स्पर्धेसाठी निवड होती. चँपियन जाणार हे सगळे धरूनच चालले होते. पलटणीनं आप्पांना नवा कोट शिवायला टाकला. पण नाव आलं ते मष्णूचं. निवड करणाऱ्यांपैकी एकजण सुभेदारांना म्हणाला, "तुमचा पोरगा चांगला आहे हो, पण त्याच्यात मारायची भूक नाही. परदेशात असले चालत नाहीत."

आप्पांना वाईट वाटलं का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "लई वाटलं. चार दिवस कुणाशी बोललो न्हाय. आईवर सुद्धा राग आला."

त्या सुट्टीत ते शेतात तंबाखूचे शेंडे खुडत होते. मष्णू काकतीहून बस बदलत बदलत गावात आला आणि विचारत विचारत बांधावर येऊन उभा राहिला.

"मी जात न्हाय," तो म्हणाला. "जिंकलास तू. मी कसा जाऊ? मन व्हईना."

आप्पा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "जा रं. जाऊन ये."

"तुला राग न्हाय?"

"हाय की. पण तुझ्यावर न्हाय." मग ते सरळ उभे राहिले. "डावा हात मारून झाला की खाली सोडतोस तू. वर ठेव. तिथनंच माझा उजवा आत आलता."

तंबाखूच्या चिकानं हात काळे झालेले. तशाच हातांनी त्यांनी बांधावर उभं राहून मष्णूला ते पुन्हा पुन्हा दाखवलं. शेजारच्या रानातली माणसं पळत आली. त्यांना वाटलं पाटलाच्या पोराची मारामारी लागली!

बँकॉकला मष्णू पहिल्याच लढतीत हरला. परत आल्यावर थेट आमच्याच गावी आला. एक डोळा पुरता मिटलेला होता.

"लई मारला मला," तो म्हणाला. "दिसत नव्हतं मला, तरी मारत होता. कुणी थांबलं न्हाय, नेमगोंडा. तवा तू आठवलास."

आजी आतून ऐकत होती. बाहेर आली आणि त्याच्या डोळ्यावर लोण्याचं बोट फिरवत बराच वेळ बसली.

आप्पा पुढं आणखी दोनदा चँपियन झाले. मग खांदा दुखावला आणि खेळ सुटला. नोकरी पुरी करून गावी आले, ऊस लावला, लग्नकार्यं केली. परदेश काही त्यांनी बघितला नाही. मष्णूकाका रेल्वेतून निवृत्त होऊन काकतीला आले. दोन्ही घरांचं येणंजाणं कधी तुटलं नाही. दिवाळीला आमचा फराळ तिकडं, त्यांच्या शेतातला बासमती तांदूळ इकडं. दोघे म्हातारे अंगणात खुर्च्या टाकून बसले की कलकत्ता निघायचंच.

मागच्या वर्षापासून मष्णूकाकांची आठवण दगा द्यायला लागलीय. डोक्याला बसलेले मार म्हातारपणी वसूल होतात, असं डॉक्टर म्हणाले. मी बेळगावच्या कॉलेजात शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आप्पांना गाडीत घालून मी काकतीला घेऊन गेले. काकांच्या पत्नी जयाबाईंनी दारातच हळू आवाजात सांगितलं, "ओळखतील का न्हाय, काय सांगता येत न्हाय. परवा थोरल्या मुलाला पण पाव्हणं कुठलं म्हणून विचारलं."

काकांनी आप्पांकडं बघितलं. बराच वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, "ढाक पाटील!"

आप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोघं शेजारी शेजारी बसले. थोड्या वेळानं काकांनी विचारलं, "कलकत्त्याला कोण जिंकलं रं?"

जयाबाईंनी आप्पांना खुणावलं, मीही मानेनं खुणावलं. तूच जिंकलास म्हणून सांगा त्यांना, एका म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल. पण आप्पांना खोटं बोलता येत नाही, आजवर कधी आलेलं नाही.

"मी जिंकलो," ते म्हणाले.

काकांचं तोंड उतरलं.

"पण बँकॉकला तू गेलतास," आप्पा म्हणाले. "इमानातनं. देशाचा झेंडा छातीवर लावून."

"मी?"

"तूच की. आपल्या जिल्ह्यातनं दुसरं कोण गेलतं? सांग की."

काका हसायला लागले. तोंडात दात थोडेच राहिलेत, तरी अगदी पोरासारखे हसले. "जया, ऐकलीस का? इमानातनं गेलतो मी!"

"व्हय, व्हय," जयाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावत चहा ठेवायला आत गेल्या.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. संकेश्वर मागं पडलं. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चालले होते, मी त्यांच्या मागून सावकाश गाडी चालवत होते. आप्पांनी खिडकीची काच खाली घेतली, बाहेर बघत बसले.

"ब्राह्मी," ते मला म्हणाले, "त्याचा डावा हात लई देखणा होता गं. मी एवढ्यांशी लढलो, पण तसला डावा पुन्हा कुणाचा बघितला न्हाय."