बारा मिनिटांवरचे हैदराबाद

आमच्या न्हाणीघरातल्या काचेच्या फळीवर छोट्या बाटल्यांची एक रांग असे. शाम्पू, अंगाला लावायचा साबण, हातांचे क्रीम. प्रत्येक बाटली अंगठ्याएवढी आणि प्रत्येकीला गवती चहाचा वास. माझा नवरा रुग्णालयांना लागणारी यंत्रे विकतो. महिन्यातले दहा-बारा दिवस तो परगावी असतो आणि वर्षानुवर्षे एकाच साखळीतल्या हॉटेलांत उतरतो. बॅग उघडली की तो वास आमच्या दादरच्या घरभर पसरे. कुकरच्या वाफेवर, धुतलेल्या कपड्यांवर, माझ्या वहीच्या पानांवर बसे. त्याच्या परतण्याचा तोच वास, असे मी इतकी वर्षे समजत आले. तो त्याच्या नसण्याचा वास होता, हे फार उशिरा उमगले.

त्या हॉटेलांत प्रत्येक मुक्कामाला पॉइंट मिळतात, आणि पुरेसे साठले की खोली फुकट मिळते. मागच्या वर्षी गणपती गेल्यानंतरच्या एका सकाळी त्याने फोन माझ्यासमोर ठेवला.

"बघ, एवढे झालेत. जानेवारीत पंचवीस वर्षं होतायत आपल्याला. पाच दिवस मालदीवला जाऊ. बेट तू निवड."

"मी?"

"मग काय. निळा म्हटलं की मला एकच निळा दिसतो. तुझ्याकडे असतील सतरा."

थट्टाच होती, पण मी विरघळले. घर कोणत्या मजल्यावर घ्यायचे, मुलीने काय शिकायचे, भिंतींना कोणता रंग द्यायचा, हे सारे त्याने ठरवले होते. पंचवीस वर्षांत निवडण्यासारखे काही माझ्या ओंजळीत पहिल्यांदाच पडत होते.

मी ते काम एखाद्या व्रतासारखे केले. कवितेच्या वहीच्या मागच्या पानांवर तीन बेटे उतरवली. पहिले विमानतळाजवळचे, होडीने अर्ध्या तासावरचे; तिथले पाणी नव्या काचेच्या बांगडीसारखे हिरवे. दुसऱ्या बेटावर नारळांची दाटी, आणि वाळू इतकी पांढरी की फोटोतही डोळे मिटावेसे वाटत. तिसरे सर्वांत दूर होते. तिथे पाण्यावर उतरणारे छोटे विमान जाई, तेही दिवसाउजेडीच. सूर्य कलला की ते बेट जगापासून तुटे. शाळेच्या भूगोलात 'खारकच्छ' हा शब्द मी पाठ केला होता. त्याचा अर्थ चाळीस वर्षांनी त्या चित्रात दिसला: प्रवाळाच्या कड्याने वेढलेले, लाट विसरलेले पाणी. खोली उगवतीची घ्यावी की मावळतीची, यावर मी आठवडा घालवला. चार मुक्कामांच्या पॉइंटांत पाचवा मुक्काम फुकट मिळतो, हेही शोधून काढले. खोटे कशाला बोलू, त्या पॉइंटांची गोडी मलाही लागली होती.

लालबागच्या चाळीत आई एकटी राहते. तिला फोटो दाखवले. तिने चष्मा वर सारून पाहिले आणि फोन परत दिला.

"समुद्र बघूक इमानान जातलंस? आमच्या गावात काय गटार आसा?"

"आई, हा निळा बघ."

"बघलंय. तुझे बापूस आसते तर इचारले असते, थंय बांगडो गावता काय."

आम्ही दोघी हसलो. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

बाबा गिरणी कामगार. गिरणी बंद पडून कित्येक वर्षे लोटली तरी कापसाची धूळ त्यांच्या छातीतून कधी गेली नाही. आदल्या डिसेंबरात श्वास लागला म्हणून त्यांना परळच्या रुग्णालयात ठेवले होते. तिसरा मजला, फिनेलचा आणि उकडलेल्या भाजीचा वास, आणि खाटेशेजारी एक उंच खिडकी. त्या खिडकीतून पुलापलीकडचे लोअर परळ दिसे. बाबांनी ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला करून एका काचेच्या इमारतीकडे बोट दाखवले होते.

"ती दिसता? थंय आमचा साचेखाता होता." साचेखाते म्हणजे मागांचा विभाग. "आता हॉटेल झाला. माझ्या साच्यावर कोणतरी गादी घालून निजता."

नवरा हैदराबादला होता. तीन दिवसांचा दौरा. तिसऱ्या दिवशी, दुपार कलताना, डॉक्टरांचे बोलणे बदलले. मी त्याच खिडकीशी उभी राहून फोन केला. तो म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे गं, उद्या येतोच आहे." समोर दिवेलागण होत होती; त्या काचेच्या इमारतीत एकेक चौकोन पिवळा होत गेला. पावणेसातला बाबा गेले. मी पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "आत्ताचं विमान नाही मिळायचं. सकाळचं पहिलं पकडतो."

मी एकुलती एक. अग्नी जावयानेच द्यावा, असे बाबांनी हौसेने सांगून ठेवले होते. म्हणून त्यांना रात्रभर शवागारात ठेवावे लागले. कागदावर सही करताना आईने माझे मनगट धरले होते.

"थंडीत ठेवतले? गे, तेंका थंडी सोसत नाय."

मी तिला समजावले. जावयाला यायला वेळ लागतो, हैदराबाद काय जवळ आहे?

सकाळी आठ वाजता तो चाकांची बॅग ओढत आला. त्याने मला जवळ घेतले. त्याच्या मानेला गवती चहाचा वास येत होता. विमानतळावर कुठे चहा प्यायला असेल, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसेल, असे वाटून मला त्याचीच दया आली. भोईवाड्याच्या स्मशानात त्याने मडके खांद्यावर घेतले, अग्नी दिला, आणि आईच्या पाया पडला. आई म्हणाली, "धावत इलास बाबा, बरा केलंस."

आता पुन्हा बेटाकडे येते, कारण हे सारे मला त्या बेटानेच सांगितले.

मावळतीच्या खोलीला थोडे पॉइंट कमी पडत होते. हॉटेलवाल्यांकडून एखादा मुक्काम जमा करायचा राहिला असेल, असे मला वाटले आणि मी त्याच्या खात्यातली मुक्कामांची यादी काढली. बाकी कुठल्या दौऱ्याची मला आठवण नसती; हैदराबादच्या त्या तीन तारखा मात्र माझ्या हाडांत होत्या. हैदराबाद यादीत नव्हते. त्याच तीन तारखांसमोर लिहिले होते: लोअर परळ, मुंबई.

मला एवढासाही संशय आला नाही. उलट चूक सापडल्याचा आनंद झाला. मी बसून एक सुरेख इंग्रजी पत्र लिहिले. एकेक वाक्य घासूनपुसून. माझे पती त्या दिवशी आपल्या हैदराबादच्या हॉटेलात होते, नोंद चुकीच्या शहरावर पडली आहे, ती दुरुस्त करावी. आणि पुरावा म्हणून, देवा, पुरावा म्हणून मी पुढे लिहिले की त्याच संध्याकाळी माझे वडील गेले, त्यामुळे तारखेत माझी गल्लत होणे शक्य नाही.

उत्तर दोन दिवसांत आले. फार सभ्य उत्तर होते. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तथापि नोंद बरोबर आहे. सोबत बिलाची प्रत जोडली आहे. प्रतीवर त्याची सही होती. पत्ता बाबांनी बोट दाखवलेल्या त्याच काचेच्या इमारतीचा, सतरावा मजला. शहराच्या बाजूची खोली. अतिथी: एक.

त्या 'एक'वर माझी नजर किती वेळ खिळली होती, सांगता येत नाही. तिथे 'दोन' असते तर मला रडता आले असते. बाईसाठी खोटे बोलणारे पुरुष जगात आहेत. त्यांच्यासाठी भाषेत शिव्या आहेत, गाणी आहेत, आयाबायांचे शहाणपण आहे. या 'एक'साठी माझ्यापाशी शब्दच नव्हता.

रविवारी सकाळी तो पोहे खात होता. मी बिल ताटलीशेजारी ठेवले. त्याने ते वाचले आणि घास संपवून मगच बोलला.

"कार्ड जात होतं."

"कुठलं कार्ड?"

"त्या साखळीचं. वर्षाला ठरावीक रात्री भरल्या नाहीत तर वरचं कार्ड जातं. तीन रात्री कमी पडत होत्या. सगळेच करतात असं वर्षअखेरीला. गावातलंच एखादं हॉटेल घेतात, झोपून येतात."

"मग मला हैदराबाद का सांगितलंस?"

"सांगून काय म्हणाली असतीस? घर दादरला आणि झोपायला लोअर परळ? हसली असतीस. तुझे बाबा तर चाळभर सांगत फिरले असते."

हे खरे होते. बाबा फिरले असते.

"मी फोन केला. दोनदा."

"तेव्हा मी हैदराबादला होतो." मग स्वतःच ओशाळून, "म्हणजे, तुझ्या लेखी."

"बारा मिनिटांवर होतास."

"तेच तर!" त्याचा आवाज चढला. "हैदराबादहून माणूस बारा मिनिटांत कसा येणार? तू विचारलं असतंस, एवढ्यात कसा आलास? त्या वेळी, तुझ्या आईसमोर, मी काय सांगणार होतो? वाटलं, रात्र काढावी. ते गेलेलेच होते ना. मी आलो असतो म्हणून परत थोडेच येणार होते?"

त्याने माझा हात धरला.

"आणि हे सगळं कुणासाठी? त्या कार्डावर बेटावर दोघांचा नाश्ता फुकट आहे. तिथे नाश्त्याचे दर पाहिलेस का?"

माझ्या डोळ्यांसमोर आईचा हात होता, कागदावर सही करणाऱ्या माझ्या मनगटाभोवतीचा. बर्फाच्या खणात ठेवलेले बाबा आणि समोर, त्यांच्या साच्यावर, गादी घालून निजलेला त्यांचा जावई. त्याने पडदा लावून घेतला असेल का, एवढेच मला विचारायचे होते.

बेट निवडायचे काम अजून माझ्याकडेच होते. मी वही उघडली. आता मला तिन्ही पाण्यांत एकही निळा दिसेना, फक्त अंतरे दिसत होती. मी तिसरे बेट निवडले, सूर्य कलल्यावर जिथून कुणाला कुठेच धावत जाता येत नाही. जानेवारी पुसून तारखा डिसेंबरच्या घातल्या, बाबांच्या वर्षश्राद्धाची तिथी बरोबर मध्ये येईल अशा. अतिथींच्या चौकोनात 'दोन' होते. ते 'एक' केले; नाव त्याचेच ठेवले. हे आरक्षण रद्द केल्यास पॉइंट परत मिळणार नाहीत, असे लाल अक्षरांत आले. मी ते दोनदा वाचले आणि बटण दाबले.

संध्याकाळी त्याला सांगितले. तिथीही सांगितली. श्राद्धालाही तूच बसावेस अशी आईची इच्छा आहे, हे सांगितले. पुढे एक शब्द बोलले नाही. हा सूड होता असे कुणी म्हटले तर मी नाकारणार नाही. पण त्या सुडात मी एक दार उघडे ठेवले होते. त्याने एवढेच म्हणायचे होते, 'जाऊ देत ते पॉइंट.' या चार शब्दांवर मी उरलेली वर्षे काढली असती. मला ठाऊक आहे, मी काढली असती.

तो दोन दिवस चिडला. एक दिवस अबोला. मग पुढचे काही आठवडे बेटाचे नाव घरात निघाले नाही. मी रोज वाट पाहिली. भाजी निवडताना, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना, दार वाजले की. डिसेंबर लागला तेव्हा कपाटाच्या माथ्यावरून बॅग खाली आली.

"वाया जातील गं," तो म्हणाला, माझ्याकडे न पाहता. "एवढ्या वर्षांचे. आईंना सांग, दौरा आहे."

"कुठला सांगू? हैदराबाद?"

त्याने चेन ओढली. तो गेला.

श्राद्धाच्या सकाळी लालबागच्या खोलीत गुरुजी पाट मांडून थांबले होते. आईने भात वाफवला होता, काळे तीळ काढून ठेवले होते. ती पुन्हा पुन्हा सज्जात जाऊन जिन्याकडे पाहत होती.

"जावय खंय आसा?"

तिच्यासाठी हैदराबाद तयार ठेवले होते मी. जिभेवर आले, आणि आदल्या वर्षीचा माझाच आवाज ऐकू आला, तिला समजावणारा.

"बेटावर," मी म्हटले. "मागच्या वर्षीही लोअर परळला होता, आई. त्या काचेच्या हॉटेलात. हैदराबादला नव्हता."

आई खाली बसली. पदराने तिने पाट पुसला. तो स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला. मग म्हणाली, "म्हणजे तेंका उगीच थंडीत ठेवलंव."

गुरुजी चाचरले. मुलगा नाही, पुतण्या गावाला, आता बसणार कोण? माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, तशी प्रथा नाही आपल्यात."

"असू दे," आई म्हणाली. "ती होती थंय. तीच बसतली."

त्यांनी दर्भाची अंगठी वळून माझ्या बोटात घातली. कोरडे, करकरीत गवत. त्याला ऊन लागलेल्या मातीचा वास होता, आणखी कसलाच नाही. शेजारी पडलेला माझा फोन उजळला. निळ्या पाण्यासमोर मांडलेला एका माणसाचा नाश्ता, फळे, पाव, आणि खाली दोन शब्द: 'फुकट मिळाला.'

मी फोन पालथा केला आणि पाणी सोडायला हात पुढे धरला.