एनओसी खलास

इथं ओमानमध्ये, सीबमधल्या आमच्या शेजारणीवर अन्याय झाला तो २०१६ साली, हॉस्पिटलच्या फार्मसी रेसिडेन्सीची, म्हणजे तिथल्या पगारी प्रशिक्षणाची, मुलाखत तोंडावर आली असताना. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट.

मुलाखतीत केसेस विचारतात, म्हणून ती आम्हालाच पेशंट करायची. जिन्यात गाठून म्हणायची, "हं, तू सत्तरीचा आजोबा. गुडघे दुखतायत. बोल." मी कण्हलो की नाक खाजवत विचारायची, "बीपीची गोळी चालू आहे? किडनीचं काय?" औषधाचं नाव अगदी शेवटी. घाई झालीच तर स्वतःला दटावायची, "थांब गं, आधी विचार!"

एकदा दुकानात खरंच असे आजोबा आले. किडनीचा त्रास आहे हे कळताच त्यांनी मागितलेली दुखण्यावरची गोळी तिनं दिली नाही, डॉक्टरकडे पाठवलं. दुकानाचा भागीदार आपलाच मराठी माणूस. अर्बाबाच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, वतीनं सह्या तोच करतो. तो ओरडला, "गिऱ्हाईक परत पाठवतेस? हे शहाणपण हॉस्पिटलात जाऊन कर!"

"तिथंच चाललेय, सर. तेवढी एनओसीवर सही द्या."

नोकरी बदलायला तेव्हा मालकाची ही लेखी संमती लागायची. तो म्हणाला, "एनओसी खलास."

एनओसीशिवाय हॉस्पिटलवाले तिला मुलाखतीला बसू देईनात. ती अजून त्याच काउंटरला उभी आहे. "जाऊ दे रे," म्हणते, आणि मला तिच्या त्या शांतपणाचाही राग येतो.

इथल्या मराठी मंडळींनो, हा गृहस्थ गणपतीत तुमच्याकडे जेवायला येतो, मला माहीत आहे. यंदा पानावर बसला की विचारा, सही का अडवलीस? उत्तर मिळेपर्यंत वाढू नका.