बहिऱ्या, दिवा!

मास्तरांनी उभ्या जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नाही. ते रेडिओ दुरुस्त करायचे, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आणि "कधी मिळेल हो?" असं कुणी दुसऱ्यांदा विचारलं तर त्या गिऱ्हाइकालाही दुरुस्त करायचे. म्हणून मास्तर. आता वय शहात्तर. दुकान कधीच बंद झालं. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल उरलंय, त्यावर भिंग, सोल्डरिंग आयर्न, आणि जुन्या टॉवेलाखाली झाकलेला एक पत्र्याचा डबा.

त्या डब्याचं नाव बहिऱ्या.

वर्षातून एका रविवारी, दुपारी, मास्तर दाराला आतून कडी घालायचे. टॉवेल काढायचे, डबा चालू करून दहा मिनिटं तापू द्यायचे, त्याच्या तारेला टेबलावरचा दिवा जोडायचे. मग कपाटातून कॅसेट काढून टेपमध्ये घालायचे. आधी खरखर. मग बायकोचा आवाज, ठणठणीत: "बहिऱ्या, दिवा!" आणि दिवा लागायचा. बत्तीस वर्षं झाली तिला जाऊन, अन् खोलीतला दिवा अजून तिचं ऐकत होता.

हे एवढंच त्यांच्याकडे होतं. बाकी फोटो होते, पण फोटोने कधी कुणाचा दिवा लावलाय?

डबा बनवला तेव्हा लेक तिसरीत होती. बायकोचे हात आधी गेले, मग पाय. रोग हळू चालणारा, पण मागे न फिरणारा. मास्तर दुकानात असले की ती खुर्चीत एकटी; संध्याकाळ झाली की अंधारात बसून राहायची. म्हणून मास्तरांनी सहा महिने खपून, ऐकून काम करणारा डबा केला. तिच्याकडून एकेक शब्द चाळीस-चाळीस वेळा म्हणवून घेतला आणि तिच्या आवाजाची नक्षी एका चिपमध्ये पक्की बसवली. दिवा म्हटलं की दिवा, पंखा म्हटलं की पंखा.

पहिल्या आठवड्यात डब्याने घर डोक्यावर घेतलं. कारण बाई बोलघेवडी! शेजारणी आल्या की तिच्या तोंडाला विसावा नाही. "त्यांच्या जिन्यात दिवा नाही बाई," म्हणाली की फट्‌कन दिवा. "पंखा घेतलाय म्हणे नवा," की पंखा गरगर. शेजारणी हसून लोळायच्या.

"अगं, जरा कमी बोल ना," मास्तर वैतागून म्हणाले.

"हात गेले, पाय गेले, आता तोंडही बंद करू?" ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा त्याला शिकवा. आपली लेक कशी, नावाने हाक मारल्याशिवाय ढिम्म हलत नाही? तसं करा. नाव घेतलं तरच कान टवकारायचे, पुढचा शब्द ऐकायचा, काम करायचं, परत झोपायचं."

असं काही मास्तरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पंधरा दिवसांत त्यांनी ते करून दाखवलं. नाव तिनेच ठेवलं. "हा कुठे ऐकतो? बहिऱ्या मेला!"

मग सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात, हातपाय गमावलेल्या माणसांच्या मेळाव्यात, तिने स्वतः बहिऱ्या दाखवला. पाऊणशे माणसं होती. मास्तरांना माईक हातात धरला की घाम फुटायचा, म्हणून सगळं तीच बोलली. मास्तरांनी टेप चालू ठेवली होती. दुकानाची सवय अशी की कुठलीही टेप सुरू करताना आधी तारीख बोलायची. तिने तारीख सांगितली आणि वर जोडलं: "आज हे सकाळपासून चिडलेत." तीच ती कॅसेट.

एवढी साधी गोष्ट. आणि इतक्या वर्षांनी एका बड्या कंपनीने त्यावर मालकीची पाटी ठोकली! आधी नाव, मग हुकूम, मग परत गप्प. या रीतीवर त्यांनी पेटंट मिळवलं. म्हणजे आता यंत्राला नावाने हाक मारायची तर त्यांना विचारून. गावकुसाबाहेरच्या एका शेडमध्ये बाराजणी मिळून आवाजावर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या बनवत होत्या. त्यातल्या सातजणी स्वतःच खुर्चीवर. कंपनीने त्यांच्यावर दावा लावला, काम बंद पाडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

शेडची प्रमुख बाई, जिला सगळे मावशी म्हणत, ती एका सकाळी आपली खुर्ची ढकलत मास्तरांच्या दारात हजर झाली. बरोबर एक तरुण वकीलबाई.

"ओळखलंत का, मास्तर? वाचनालयात पहिल्या रांगेत होते. एकोणीस वर्षांची. दुसऱ्या कुणी हाक मारली तर काय, असं मीच विचारलं होतं."

मास्तरांनी ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून. दर वर्षी तो प्रश्न ते ऐकत होते.

वकीलबाईंनी समजावलं, "काका, नवीन असेल त्यालाच पेटंट मिळतं. कंपनीने अर्ज केला त्याच्या आधी ही रीत चारचौघांत दाखवली गेली होती, एवढं सिद्ध झालं की ते पेटंट रद्द. घरात केलेलं चालत नाही, लोकांसमोर हवं. तुमच्याकडे ते आहे."

"नक्कल करून देतो."

"नक्कल नाही चालायची. ते म्हणतील, परवा बनवली. मूळ कॅसेट आणि मूळ डबा हवा."

"आणि परत कधी?"

वकीलबाईंनी पिशवीतून पेटंटचा कागद काढला. "निकाल लागेपर्यंत सीलबंद. मग ते अपील करतील. पाच वर्षं... दहाही."

"मी शहात्तरचा आहे," मास्तर म्हणाले. "दहा वर्षांनी कॅसेट कुणाला द्याल? माझ्या फोटोला?"

लेकीने मागे एकदा कॅसेट फोनमध्ये उतरवून दिली होती. आवाज स्वच्छ, खरखर नाही. पण बहिऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मूळ टेपवरच्या तिच्या हाकेलाच तो उठायचा. नक्कल म्हणजे मास्तरांच्या लेखी पाणी घातलेला आवाज.

"नाही जमायचं," ते म्हणाले.

मावशी तापली. "तुमची बायको त्या दिवशी आमच्यासाठी बोलली होती. एकट्या तुमच्यासाठी नाही. कपाटात कोंडून ठेवलंय तिला!"

"बाहेर व्हा," मास्तर म्हणाले.

"उंबरठा उंच आहे," मावशी तितक्याच तोऱ्यात म्हणाली. "धरा खुर्ची."

मास्तरांनी रागारागात खुर्ची धरली, पण नीट उतरवून दिली.

वकीलबाई जाताना पेटंटचा कागद टेबलावर ठेवून गेल्या. मास्तर दोन दिवस तिकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन वाचायला बसले. पहिलाच दावा: यंत्र सुप्त राहील, ठरावीक नाव ऐकताच ठरावीक काळ जागे होईल, आज्ञा पाळून पुन्हा सुप्त होईल. मास्तरांनी तो तीनदा वाचला. हे तिचं वाक्य होतं. शेजारणींसमोर, लेकीला टोमणा मारता मारता बोललेलं. फक्त त्याला इस्त्री करून कोट-टाय घातला होता. आणि खाली शोधकर्ते म्हणून भलत्याच चौघांची नावं.

मास्तरांनी वकीलबाईंना फोन लावला. "गाडी पाठवा. डबा आडवा न्यायचा नाही."

तरी एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ते कॅसेट कधीच शेवटपर्यंत वाजवत नसत. टाळ्या संपल्या की बटण दाबायचे. पुढे दोन मिनिटं होती, आणि त्या दोन मिनिटांना ते बत्तीस वर्षं भीत आले होते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मास्तर चढले, धुतलेला सदरा घालून. डबा टेबलावर, शेजारी दिवा, पुढे टेप. दहा मिनिटं तापू द्यायला लागतील म्हटल्यावर कंपनीचा वकील हसला. "साक्षीदारासारखीच वस्तूही वयस्कर दिसते."

"म्हणूनच तुमच्या आधीची आहे," मास्तर म्हणाले. न्यायाधीशबाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

टेप सुरू झाली. तारीख. "आज हे सकाळपासून चिडलेत." मागच्या बाकांवरून हसू आलं. मग तिने हाक मारली आणि दिवा लागला, थेट कोर्टात, भर दुपारी. मागे बसलेल्या बाराजणींपैकी कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. टेपवर एकोणीस वर्षांच्या पोरीने प्रश्न विचारला, आणि तिने उत्तर दिलं: "दुसऱ्याचा आवाज ह्याला चालत नाही. माझ्याच आवाजात आधी नाव ओळखतो. मग तीन आकडे मोजेपर्यंत कान उघडे. मग बंद. मी मैत्रिणींशी कितीही बोलले तरी ह्याला घेणं नाही."

"म्हणजे हा शोध तुमचा, असं तुमचं म्हणणं?" वकिलाने टेप थांबवायला लावून विचारलं.

"नाही."

वकिलाचे डोळे चमकले. "नाही?"

"तारा माझ्या. डोकं तिचं. ऐकलंत ना आत्ता? तुमच्या चौघांनी जे लिहिलंय, ते ती खुर्चीत बसून बोलली होती."

टेप पुन्हा सुरू झाली, टाळ्या पडल्या. मास्तरांचा हात आपसूक बटणाकडे गेला.

"थांबा," वकील म्हणाला. "पुढचं का नको? पूर्ण टेप ऐकवा."

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पुरावा पूर्णच ऐकला जाईल."

मास्तरांनी हात मागे घेतला. खुर्च्या सरकवल्याचे आवाज. लोक निघाले होते. मग तिचा आवाज, माईकपासून लांब, फक्त त्यांच्यासाठी. "अहो, डॉक्टर म्हणाले, पुढे आवाजही बदलेल माझा. मग हा ओळखणार नाही मला. तेव्हा हा पुसून त्याला नवा आवाज शिकवाल ना?"

आणि तरुण मास्तर म्हणाले, "हो गं. त्यात काय."

"विसरायचं नाही हं. बहिऱ्या, पुरे!"

दिवा विझला. टेप संपली.

मास्तरांनी शिकवलं नव्हतं. विसरले नव्हते, धजावले नव्हते. चिप एकच, नवा आवाज घालायचा तर जुना पुसावा लागणार. शेवटच्या वर्षी तिचा आवाज घोगरा झाला, तुटू लागला, आणि डबा ढिम्म. ती दहादा हाक मारायची. मास्तर "उद्या करतो" म्हणायचे आणि उठून हाताने दिवा लावायचे. एकदा ती म्हणाली, "बहिरा हा नाही, तुम्ही आहात." रागावून नव्हे, दमून. आवाज जपण्यासाठी त्यांनी बाईला अंधारात बसवलं, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

वकील खाली बसला.

पेटंटचा तो दावा रद्द झाला. शेड उघडली. कंपनीने लगोलग अपील केलं, आणि डबा, दिवा, कॅसेट लाखेच्या मोहरेखाली कोर्टाच्या अभिलेखागारात गेली. मावशीने मास्तरांना शेडमध्ये बोलावलं, खुर्च्या दाखवल्या. खुर्चीवरच्या प्रत्येकीने आपल्या खुर्चीला नाव ठेवलेलं: ढोल्या, सासूबाई, उनाड. सातहीजणी हाका मारत शेडभर फिरत होत्या. मास्तर हसले, चहा प्यायले, घरी आले. टेबलावर टॉवेलाची घडी होती. खाली काही नव्हतं.

दरवर्षीचा तो रविवार आला. मास्तरांनी सवयीने दाराला कडी घातली, मग खुर्चीत बसून तिचं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवले, आवाज येईना. फोनवरची नक्कल लावली. ती स्वच्छ, पण दूरची, दुसऱ्या कुणाची वाटावी अशी.

सोमवारी त्यांनी अर्ज लिहिला. रेडिओ दुरुस्तीच्या चाळीस वर्षांची अक्कल त्यात ओतली. चुंबकीय फीत वर्षानुवर्षं न फिरवता ठेवल्यास एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. यंत्राला वर्षातून एकदा वीज न मिळाल्यास आतले भाग निकामी होतात. सबब, अपिलाचा पुरावा शाबूत राहावा म्हणून, सदर फीत सदर यंत्रासह दरसाल एकदा, नेहमीच्या वेगाने, पूर्ण वाजवणे आवश्यक. जाणकार म्हणून अर्जदार हे काम विनामोबदला करील.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. कंपनीच्या वकिलाला हरकत घेता येईना. घेतली तर पुरावा नासवायचा आहे असं दिसलं असतं. न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचून चष्म्यावरून एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि "मंजूर" लिहिलं.

अभिलेखागार तळघरात. लोखंडी मांडण्या, कागदाचा वास, एक खिडकी. कारकुनाने सील काढलं, वहीत वेळ टाकली. "साहेब, किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं तापायला. पुढे पाऊण तास."

"मी बाहेर थांबू?"

"नियमाने तुम्ही समोर हवेत," मास्तर म्हणाले. "बसा."

तारीख झाली. कारकून "चिडलेत"वर हसला. दिवा लागला तेव्हा तो पुढे सरकून बसला, अन् नंतर पेन खाली ठेवून नुसता ऐकत राहिला. टाळ्या पडल्या. मास्तरांचे हात मांडीवरच होते.

"...त्याला नवा आवाज शिकवाल ना?"

"हो गं. त्यात काय."

"नाही शिकवला," मास्तर टेपकडे बघत म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"विसरायचं नाही हं. बहिऱ्या, पुरे!"

दिवा विझला. फीत संपून बटण खटकन वर आलं. कारकुनाने उठून खिडकी थोडी उघडली आणि पुन्हा येऊन बसला.

मास्तरांनी कॅसेट डबीत घातली, डब्याची वायर हळूच गुंडाळली.

"उभी ठेवा," ते म्हणाले. "आडवी नको. आणि त्या पाइपापासून लांब, तिथे ओल आहे."